उषाताई उपासनी : जुन्या चिठ्ठीशेजारी नवी चिठ्ठी

डॉ. उषाताई उपासनी यांची आणि माझी ओळख एका दह्याच्या डब्यामुळे झाली. मी तेव्हा कॅनडात, एडमंटनमध्ये एका सरकारी खात्यात अहवाल तपासून, कापून, छपाईला पाठवण्याचे काम करत होतो. त्याआधी पुण्यात वर्तमानपत्रात बरीच वर्षे काढली असल्यामुळे मजकूर कापायला मी कचरत नसे. प्रेअरीवरच्या, म्हणजे इथल्या गवताळ माळावरच्या रानफुलांविषयीची एक पुस्तिका माझ्याकडे आली होती. पाने ठरल्यापेक्षा जास्त होत होती आणि तिच्यातल्या दोन वनस्पतींची चित्रे मला अगदी सारखी वाटली. लेखिकेचे नाव मराठी दिसत होते, तरी कचेरीच्या रिवाजाप्रमाणे मी इंग्रजीतच फोन केला आणि या दोघांपैकी एक काढून टाकले तर चालेल का, असे विचारले.

"उद्या येते," एवढेच उत्तर आले, तेही मराठीत.

दुसऱ्या दिवशी सुती सलवार-कमीज आणि पायांत चिखलाने भरलेले बूट अशा वेषातल्या एक बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून दह्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा काढला. त्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन काड्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढे, न उमललेल्या कळ्यांचे एक कणीस.

"सांगा संपादक," त्या म्हणाल्या, "ह्यातलं कोणतं कापायचं?"

मी दोन्ही काड्या उलटसुलट करून पाहिल्या. मला काहीच फरक दिसेना. तेव्हा त्यांनी गळ्यातले छोटे भिंग काढून दिले. मी ते फुलावर धरले, तर म्हणाल्या, "असं नाही नं. भिंग डोळ्याला चिकटवा आणि फूल भिंगाकडे आणा." तसे केले आणि एका कणसातली प्रत्येक कळी बारीक लवेने भरलेली दिसली. दुसरे कणीस गुळगुळीत होते.

"लव आहे ते जांभळं. गुळगुळीत आहे ते पांढरं. फुलं उमलल्यावर काय, कोणीही सांगेल. उमलायच्या आधी आणि झडून गेल्यावर सांगता आलं पाहिजे."

दोन्ही चित्रे राहिली. पाने ठरल्याएवढीच राहावीत म्हणून मी आमच्या खातेप्रमुखांची प्रस्तावना निम्मी केली. पुस्तिका त्यामुळे सुधारली, असे माझे आजही मत आहे.

ज्या वनस्पतींनी उषाताईंचे आयुष्य व्यापले, त्यांची थोडी ओळख करून द्यायला हवी. प्रेअरी क्लोव्हर हे नाव फसवे आहे. ही गुरांसाठी पेरतात ती क्लोव्हर नव्हे. आपल्या तुरी-हरभऱ्याच्या कुळातलीच ही रानटी मंडळी, पण वेगळ्या घरातली. कोरड्या गवताळ माळावर गुडघाभर वाढतात. फुले कणसाच्या तळाशी आधी उमलतात आणि रोज थोडी वर सरकतात, त्यामुळे हातातली बांगडी वर चढवत न्यावी तसे फुलांचे कडे कणसावर चढत जाते. कॅनडाच्या या भागात तिचे तीन प्रकार आहेत. जांभळे पुष्कळ ठिकाणी मिळते. पांढरे त्याहून कमी. तिसरे रेशमी, त्याचीही फुले जांभळटच. ते फक्त मोकळ्या वाळूच्या टेकड्यांवर उगवते, अंगभर रुपेरी केसांनी झाकलेले असते आणि आता फारच थोड्या जागी उरले आहे.

अमरावतीहून संशोधनासाठी या देशात आलेल्या उषाताईंनी उमेदीची सगळी वर्षे या तिघांतला फरक पाहण्यात घालवली. विद्यापीठात त्यांनी शिकवले ते मुख्यतः एवढेच, की घाईने नाव देऊ नये. एका विद्यार्थ्याने एकदा एक नमुना पुढे ठेवला आणि आपल्याला नव्वद टक्के खात्री आहे, असे सांगितले. "मग चिठ्ठीवर नव्वद टक्के नाव लिही," त्या म्हणाल्या, "उरलेलं दहा टक्के मला माळावरून आणून दे." तो गेला आणि खरेच आठवड्याने परत आला. मूळ नाव चुकीचे निघाले होते. हा किस्सा तोच आता प्राध्यापक झाल्यावर आपल्या वर्गात सांगतो.

त्यांचा दुसरा नियम केसांविषयीचा होता. फुलाखालच्या हिरव्या पेल्यावरची लव जांभळे आणि पांढरे वेगळे करते, हे खरे. पण खोडापानांवरच्या केसांवर विसंबू नये, असे त्या बजावत. कारण जांभळ्या प्रेअरी क्लोव्हरचा एक केसाळ प्रकार असतो. कोरड्या वाळूत वाढला की तो इतका रुपेरी दिसतो, की लांबून रेशमीच वाटावा. तेव्हा पान मोजायचे. जांभळ्याचे पान सुईसारख्या तीन, पाच, फार तर सात पर्णिकांचे. रेशमीचे पान चिंचेच्या पानाची आठवण करून देणारे, तेरा-पंधरा पर्णिकांचे. "केस खोटं बोलतात," असे त्या म्हणत, "पान खोटं बोलत नाही. पान नसेल तर नमुनाच घेऊ नका."

वनस्पतिसंग्रहातली एक रीत मला त्यांच्याकडूनच कळली. वाळवलेला नमुना जाड कागदावर बसवतात आणि कोपऱ्यात नावाची चिठ्ठी चिकटवतात. पुढे कोणाला ते नाव चुकीचे वाटले, तर जुनी चिठ्ठी काढायची नाही. खोडायचीही नाही. तिच्या शेजारी नव्या नावाची चिठ्ठी लावायची आणि खाली आपली सही करायची. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांवर अशा चार-चार चिठ्ठ्या दिसतात. कोणी काय पाहिले, कोणाचे काय चुकले, सगळे एकाच कागदावर.

उषाताईंच्या घरी ही शिस्त स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. नमुन्यांतली कीड मरावी म्हणून ते आधी गोठवावे लागतात. संग्रहातला फ्रीझर भरला, की पुड्या घरच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी येत. त्यांचे पती भास्करराव पाहुण्यांना सांगत, "आमच्याकडे फ्रीझरमधलं काहीही खायच्या आधी चिठ्ठी वाचावी लागते." भास्कररावांना जाऊनही आता काही वर्षे झाली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात उषाताईंनी माळावर जाणे पूर्ण सोडले होते, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवावे लागेल.

माझ्या घरावरचा त्यांचा उपकार मी इथे थोडक्यात सांगतो. माझी पत्नी सुनंदा कर्करोगाने आजारी होती. भेटायला येणारी माणसे प्रेमाची होती, पण प्रत्येकजण बोलत असे, आणि सुनंदाला बोलणे सोसत नसे. उषाताई दर गुरुवारी येत आणि न बोलता जेवणाच्या टेबलावर कागद मांडत. पहिल्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "अगं सुनंदा, तुझा टाका बारीक आहे म्हणतात. ह्या काड्या कागदावर शिवायच्या आहेत. माझ्यानं नीट होत नाहीत."

त्यांच्याने उत्तम होत असत, हे मला पुढे कळले. सुनंदाने त्या हिवाळ्यात हिरव्या दोऱ्याने कितीतरी नमुने शिवले. खिडकीबाहेर बर्फ पडत असे, आत दोघी समोरासमोर बसलेल्या, मधे दक्षिणेकडच्या माळावरची उन्हाळ्यातली वाळलेली फुले. शेवटच्या महिन्यात तिच्या हातात सुई धरवेना, तेव्हा ती दोऱ्याचे तुकडे कापून देत असे आणि उषाताई शिवत. सुनंदा गेली. तिचे टाके विद्यापीठाच्या कपाटांत आहेत. मला वाटेल तेव्हा मी जाऊन ते पाहून येतो.

त्याच हिवाळ्यात शिवलेला एक कागद पुढे उषाताईंच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड कागद ठरला.

त्याआधीच्या शरद ऋतूत शेजारच्या सस्कॅचेवान प्रांताच्या दक्षिण भागातून एका शेतकऱ्याचा फोन त्यांना आला होता. वॉल्टर हे त्यांचे नाव. त्यांच्या कुरणात वाळूच्या टेकड्या होत्या आणि एक खाणवाला वाळूसाठी ती जमीन मागत होता. वॉल्टर यांच्या मनात विकायचे नव्हते, पण न विकायला काही कारण सापडत नव्हते. टेकडीवर एक रुपेरी झाड आहे, ते काही विशेष आहे का, एवढे त्यांना हवे होते. खासगी जमिनीवर दुर्मिळ झाडांचा कायदा फारसा चालत नाही. तिथे मालकाचा शब्द चालतो. उषाताई सप्टेंबरच्या शेवटी तिथे पोहोचल्या. गाई चरून गेलेल्या, टोळांनी उरलेले खाल्लेले. टेकडीवर तीन-चार वाळक्या काड्या उभ्या होत्या, केसांनी रुपेरी झालेल्या. पान एकही नव्हते. खाणवाल्याला उत्तर त्याच आठवड्यात द्यायचे होते.

उषाताईंनी नाव दिले. रेशमी.

वॉल्टर यांनी जमीन विकली नाही. टेकडीभोवती स्वतः काटेरी तार ओढली आणि हाताने रंगवून पाटी लावली, की इथे दुर्मिळ झाड आहे, गाई सोडू नयेत. ही त्या प्रजातीची त्या बाजूची सगळ्यात पश्चिमेकडची जागा ठरली. ती नकाशांत आली, पुस्तकांत आली. पुन्हा जाऊन तपासावे असे कोणाला वाटले नाही, कारण चिठ्ठीवर उषाताईंची सही होती. आणि उषाताईंना पुढची वर्षे भास्कररावांच्या उशाशी काढावी लागली.

साधारण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत असल्याचे निदान झाले. या आजारात कडेचे दिसत राहते, मधले पुसट होते. त्यांनीच मला समजावले, "ज्याच्याकडे बघावं नं, तेवढंच नाहीसं होतं. तुमच्याकडे बघते तर कान दिसतात." हे त्या हसत म्हणाल्या होत्या. मला हसता आले नाही. भिंगाने बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या वाट्याला नेमके हे यावे.

गाडी चालवणे बंद झाले. दूर पूर्वेकडे मिल्टनला राहणारी त्यांची मुलगी केतकी त्यांना कायमचे घेऊन जायला आली. उषाताई म्हणाल्या, की आधी सगळे कागद पुन्हा बघून होऊ देत. या तीन प्रजातींचे जेवढे नमुने त्यांच्या सहीचे होते, तेवढे सगळे दिसते आहे तोवर एकदा तपासायचे, असे त्यांनी ठरवले होते. संग्रहात कॅमेऱ्याला जोडलेला एक पडदा आहे, त्यावर नमुना हातभर मोठा दिसतो. त्या पडद्यासमोर मान तिरकी करून बसत. मी शेजारी बसून कागद बदलून देत असे. नाव बरोबर असले की "पुढचा" म्हणत.

वॉल्टर यांच्या टेकडीवरचा, हिरव्या टाक्यांचा तो कागद आला आणि त्यांनी मान आधी एका, मग दुसऱ्या बाजूला कलती केली.

"संपादक, ह्याला पान आहे का हो कुठं?"

मी वरपासून खालपर्यंत पाहिले. कागदाच्या कोपऱ्यात गळलेल्या तुकड्यांची छोटी पुडी असते, तीही उघडली. नुसती कणसे आणि काड्या.

"नाही."

"विद्यार्थ्यानं आणला असता तर मी परत केला असता." मग म्हणाल्या, "केसांवरून दिलं मी नाव."

मी म्हटले, की नाव चूकच आहे असे कुठे ठरते? रेशमीच असेलही. त्या म्हणाल्या, "असेल की. पण मला माहीत नाही. आणि सही तर माहीत असल्याची आहे."

केतकी त्या वेळी तिथेच होती. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. "आई, यू डोन्ट हॅव टू डू धिस," ती म्हणाली. त्या जमिनीची हकिकत तिला ठाऊक होती. माझ्याही मनात तेच होते. नाव बदलले तर तार, पाटी, वॉल्टर यांनी इतकी वर्षे दिलेला नकार, सगळ्याचा पायाच निघून जाणार होता. झाड चुकीच्या नावाने का होईना, जगले होते. उषाताईंनी मुलीचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे मान वळवून विचारले, "जुलैत तुमची गाडी मोकळी आहे का?"

एडमंटनहून तिथपर्यंत दिवसभराचा रस्ता आहे. उषाताईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. पेट्रोल पंपावरच्या कॉफीला नावे ठेवत आम्ही ती खाल्ली. मधेच उषाताई म्हणाल्या, "मोहरीची शेतं आहेत का हो दोन्ही बाजूला? पिवळं वाटतंय कडेनं." मी म्हटले, कॅनोलाची आहेत. "तेच. चुलत बहीण," त्या म्हणाल्या.

वॉल्टर फाटकाशी उभे होते. ऐंशी ओलांडलेले, उंच, गुडघ्यांनी अधू झालेले. पत्नी वारलेली, मुलगा कॅलगरीला. त्यांनी आम्हाला ट्रकमधून टेकडीशी नेले. पाटीला नुकताच नवा रंग दिलेला दिसत होता. आम्ही येणार म्हणून दिला होता.

तारेच्या आत फुले होती. बऱ्याच कणसांवर जांभळे कडे निम्म्यावर चढलेले. खोडे रुपेरी. मला ती रेशमीच वाटली, कारण मला तशीच वाटायला हवी होती. उषाताई वाळूत बसल्या. त्यांनी भिंगाला हातसुद्धा लावला नाही. एक खोड बोटांनी खालून वर चाचपत गेल्या, पान सापडले, आणि अंगठा व तर्जनीने एकेक पर्णिका मोजली.

"पाच."

पुढचे खोड. "पाच." त्याच्या पुढचे. "सात." सरकत सरकत त्यांनी टेकडीची ती सगळी बाजू मोजली. मी मागून चालत होतो. कुठेतरी तेरा ऐकू येईल म्हणून मी वाट पाहत होतो. एक पान चुरगळून त्यांनी हुंगले, हात झटकले आणि उठायला माझा आधार घेतला.

"जांभळं आहे," त्या म्हणाल्या. "केसाळ जांभळं. सगळंच्या सगळं."

मग वॉल्टर यांच्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत सगळे सांगितले. पान नसताना नाव दिले, ते चुकले, ही चूक माझी. मधे एकदाही त्यांनी खाणवाल्याच्या घाईचे नाव काढले नाही.

वॉल्टर यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणजे इतकी वर्षं मी साध्याच झाडावरून गाई हाकलत होतो," ते म्हणाले. "गाईंना मी काय सांगू आता?"

"माझं नाव सांगा," उषाताई म्हणाल्या.

ते हसले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही हे सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?"

"कदाचित कोणालाच नाही."

"मग?"

"तुम्ही गाय विकता तेव्हा वय खोटं सांगता का?"

"नाही."

"गिऱ्हाइकाला कळणार नसलं तरी?"

वॉल्टर यांनी ट्रकचे दार उघडले. परतताना ते ट्रकमध्ये एवढेच म्हणाले, की मुलगा फार दिवसांपासून मागे लागला आहे, गुडघे आता गुरे सांभाळू देत नाहीत, आणि खाणवाला अजून दरवर्षी फोन करतो. उषाताईंनी त्यांना सांगितले, की केसाळ जांभळेही इतके दाट कुठे दिसत नाही, ठेवता आले तर ठेवा. "पण ते दुर्मिळ नाही," वॉल्टर म्हणाले. "नाही," त्या म्हणाल्या. "दुर्मिळ नाही."

एडमंटनला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी चिठ्ठी लिहवून घेतली. अक्षर माझे, सही त्यांची. जुन्या चिठ्ठीच्या शेजारी, सुनंदाच्या टाक्यांच्या खाली, ती त्यांनी स्वतः बोटाने जागा चाचपून चिकटवली.

पुढच्या वसंतात ती जमीन विकली गेली. वॉल्टर यांना दोष देणारा शब्द उषाताईंनी उच्चारला नाही आणि आमच्यातल्या कोणी उच्चारलेला त्यांना चालला नाही. पण ती बातमी आली त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. त्यांनी चहा केला, दोन कप भरले आणि भास्कररावांच्या खुर्चीसमोर तिसरा कप ठेवला. असे त्या कधी करत नसत. "त्यांना विचारायचं होतं," त्या म्हणाल्या, "मी बरोबर केलं का." त्या चहाला कोणी हात लावला नाही. आजही मला त्याचे उत्तर नीट देता येत नाही. त्या टेकडीच्या जागी आता खड्डा आहे. नाव दुरुस्त आहे आणि झाड नाही, हे दोन्ही एकाच हाताने झाले, आणि तो हात मला माहीत असलेल्यांत सगळ्यात प्रामाणिक आहे.

काही दिवसांनी त्यांच्या दारात कॉफीचा एक डबा आला. जमीन ताब्यातून जाण्याआधी वॉल्टर काठी टेकत टेकडीवर गेले होते आणि हिवाळाभर उभी राहिलेली सगळी वाळकी कणसे कापून त्यांनी डब्यात भरली होती. आत एक चिटोरा होता, साध्या झाडाचे बी आहे, एवढाच.

उषाताईंच्या मागच्या अंगणात आता वाळूचा एक वाफा आहे. केतकीने मिल्टनचा आग्रह तूर्त सोडला आहे, कारण वाफा हलवता येत नाही. त्यात या उन्हाळ्यात वीतभर रोपे उभी आहेत. उषाताई सकाळी स्टूल घेऊन तिथे बसतात. पाहायचे असते त्याच्याकडे त्या पाहत नाहीत. नजर शेजारच्या कुंपणावर ठेवतात, मग कडेने रोप दिसते. पाने बोटांनी मोजतात. रोज पाचच निघतात. तरी मोजतात.

उषाताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाबाबत एक गोष्ट सांगून थांबतो. पंचाहत्तरीच्या समारंभाची पत्रिका छापून आली, तेव्हा तिच्यावर "दुर्मिळ रेशमी प्रेअरी क्लोव्हरच्या पश्चिमेकडील शोधकर्त्या" अशी ओळ होती. समितीने ती जुन्या पुस्तकातून घेतली होती, त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. मी उषाताईंना ती वाचून दाखवली आणि सगळ्या पत्रिका पुन्हा छापून घेऊ, असे म्हटले.

"काहून?" त्या म्हणाल्या. "छापलेलं राहू द्या. तुम्ही लेख लिहिताय नं? त्याच्यात शेजारी लिहा, काय झालं ते. कोणाची सही होती तेही लिहा."

"गौरवाच्या लेखात?"

"मग दुसरीकडं कुठं लिहिणार?"

म्हणून हे लिहिले. त्यांनी इतक्या लोकांना केलेले साहाय्य, नव्या आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या हिवाळ्यात दिलेला आसरा, त्यांची पुस्तके, याविषयी या ग्रंथात इतरांनी माझ्याहून चांगले लिहिले आहे. माझ्या वाट्याला ही चिठ्ठी आली. ती मी त्या पत्रिकेशेजारी लावतो आहे.

उषाताईंना पुष्कळ आयुष्य मिळावे. उरलेली नजर टिकावी, आणि न टिकली तरी बोटे अशीच जागती राहावीत. वाफ्यातली रोपे फुलायला अजून एखाददुसरा उन्हाळा लागेल, असे त्या म्हणतात. फुलांचे कडे कणसावर चढू लागेल तेव्हा त्यांनी त्या स्टुलावर कुंपणाकडे तोंड करून बसलेले असावे, आणि ते कडे किती वर आले हे सांगायला मी शेजारी असावे.